दुसरी ओळ : मॅमोग्रामचा शंभर वर्षांचा इतिहास

१

माझा व्यवसाय कागदांचा आहे. दिल्लीतील एका केंद्रीय कार्यालयात वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची बिले तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पावती आहे काय, शिक्का आहे काय, डॉक्टरांची सही जागच्या जागी आहे काय, एवढे पाहावयाचे आणि कागद पुढे सरकवावयाचा. या कामाने माणसाला एक खोड जडते. कागद बिनचूक असला की त्यामागील वस्तुस्थितीही बिनचूक असलीच पाहिजे, असे त्याला नकळत वाटू लागते.

चार वर्षांपूर्वी माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आली. आमच्या सरकारी वसाहतीत एक आरोग्यशिबिर भरले होते. फिरत्या गाडीत स्त्रियांचा मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचे क्ष-किरणचित्र, काढून देत असत. शेजारच्या बायकांबरोबर आईही गेली. आठवड्याने अहवाल आला. 'वर्ग १, दोष आढळला नाही,' ही पहिली ओळ मी वाचली आणि अहवाल फाइलीत लावून टाकला. तिच्याखाली आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही.

सात महिन्यांनी एके संध्याकाळी आई म्हणाली, ''अरे, इथं हाताला काहीतरी लागतंय. सुपारीएवढं.'' मी तत्काळ उत्तरलो, ''अगं, आत्ताच तर सगळं तपासलंय ना! कागदावर स्वच्छ लिहिलंय. आता पुढची तपासणी दोन वर्षांनी.'' मुलगा सरकारी कचेरीत आहे, त्यातून दवाखान्याचेच कागद पाहतो, तेव्हा त्याला कळत असणार, असे समजून ती गप्प राहिली. पुढे चार महिने गेले. दिवाळीत ताई आली, तिने हे ऐकले, आणि मला एका शब्दाने न विचारता ती आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी माझ्या फाइलीतला तो अहवाल वाचला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि मला विचारले, ''ही ओळ वाचली होतीत का?''

त्या ओळीचा आशय इतकाच होता की, स्तनातील ऊतक दाट असून त्यामुळे लहान गाठ झाकली जाण्याचा संभव आहे.

त्या ओळीचा अर्थ शोधता शोधता मी या चित्राच्या इतिहासात शिरलो. इतिहास हा माझा पदवीचा विषय. परंतु राजांच्या आणि तहांच्या इतिहासाने मला जे शिकविले नव्हते, ते या इतिहासाने शिकविले. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींना त्याचा काही उपयोग होईल, या समजुतीने तो येथे मांडीत आहे. विषय संकोचाचा आहे खरा. पण त्या संकोचाची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही एकदा बोलून टाकणे बरे.

२

या कथेचा आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून 'क्ष'. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी त्यात स्वच्छ उमटली. हाड कठीण, मांस मऊ, म्हणून किरण मांसातून पार जातो आणि हाडाशी अडतो. पहिली वीस वर्षे वैद्यकाने या किरणाचा उपयोग मुख्यतः हाडे, गोळ्या आणि गिळलेली नाणी शोधण्याकडे केला, यात नवल नाही. स्तनात हाड नाही. मेद, दुग्धग्रंथी आणि गाठ यांच्या घनतेत फरक असतो, पण तो इतका थोडा की त्या किरणाला तो दाखविता येईल, असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

बर्लिन येथील आल्बेर्ट झालोमोन या शल्यवैद्याला ते वाटले. १९१३ साली त्याने सुमारे ३,००० स्तनांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे स्तन शस्त्रक्रियेने काढून टाकलेले होते. प्रत्येकाचे क्ष-किरणचित्र घ्यावयाचे, मग तोच भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि दोन्हींची तुलना करावयाची, असा त्याचा क्रम होता. कर्करोगाची एक जात आसपासच्या ऊतकात मुळे पसरवीत जाते, तर दुसरी आपल्या सीमेत राहून वाढते. हा भेद चित्रातही दिसतो, हे त्याने दाखविले. काही चित्रांत त्याला बारीक ठिपके दिसले. ते चुन्याचे सूक्ष्म कण होते, हे पुढे कळले. आज या कणांच्या ठेवणीवरून कित्येक रोग्यांचे निदान गाठ हाताला लागण्यापूर्वीच होते.

तथापि झालोमोनने जिवंत रोग्याच्या निदानासाठी हे तंत्र वापरले नाही. त्याचे ३,००० स्तन हे उशीर झालेल्या ३,००० स्त्रियांचे होते. ज्ञान हाती आले, पण ज्यांच्यापासून ते मिळाले त्यांच्या उपयोगी पडण्याची वेळ टळून गेली होती.

पुढची हकीकत वैद्यकाची नाही, पण ती वगळून पुढे जाणे मला जमत नाही. झालोमोन ज्यू होता. हिटलरच्या राजवटीत त्याचे अध्यापन बंद झाले; १९३८ च्या नोव्हेंबरातील हिंसाचारानंतर त्याला झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत टाकण्यात आले. पत्नीच्या खटपटीने तो सुटला आणि दोघे हॉलंडला गेली. तेथेही पकडली गेली, निसटली आणि लपूनछपून जगली. त्याची एकुलती कन्या शार्लोट हिला त्याने सुरक्षिततेसाठी दक्षिण फ्रान्समध्ये आजी-आजोबांकडे पाठविले होते. तेथे तिने आपल्या कुटुंबाची सारी कथा शेकडो चित्रांतून रंगविली, ती चित्रे एका परिचित डॉक्टरच्या हवाली केली, आणि १९४३ साली आउश्वित्झ येथे, गर्भवती असताना, तिची हत्या झाली. युद्धानंतर ती चित्रे बापाच्या हाती आली. आज कलेच्या जगात शार्लोट झालोमोन हे नाव बापाच्या नावाहून अधिक परिचित आहे.

३

जिवंत स्त्रीच्या निदानासाठी या चित्राचा पद्धतशीर उपयोग करून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला तो अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या स्टॅफर्ड वॉरेन यांनी, १९३० साली. छातीतील महारोहिणी पाहत असताना त्यांच्या ध्यानात आले की, पडद्यावर स्तनाची आतील रचनाही दिसते आहे. किंचित वेगवेगळ्या कोनांतून दोन चित्रे घ्यावयाची आणि विशिष्ट उपकरणातून ती एकत्र पाहावयाची, म्हणजे खोलीचा भास होतो, अशी त्यांची रीत होती. ही दोन कोनांची कल्पना वाचकांनी लक्षात ठेवावी. ऐंशी वर्षांनी ती वेगळ्या रूपाने परत येणार आहे. वॉरेन यांची चित्रे चांगली असत, पण इतरांना तशी काढणे साधेना. ज्या विद्येचा फल एका हातापुरता असतो, तिची गणना लोक शास्त्रात न करता कसबात करतात. ही विद्या मागे पडली.

तिला पुन्हा वर आणणारे गाव होते दक्षिण अमेरिकेतील मोन्टेव्हिडिओ. उरुग्वे या छोट्या देशातील राउल लेबोर्ग्न यांनी १९५० च्या आगेमागे दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. पहिली, चित्र घेताना स्तन दाबून सपाट केला पाहिजे. आज मॅमोग्राम काढणाऱ्या प्रत्येक स्त्रीची पहिली तक्रार या दाबाबद्दलच असते, म्हणून त्याचे कारण सांगतो. दाबल्याने एकावर एक आलेले थर पसरतात आणि गाठ त्यांच्याआड लपत नाही. जाडी कमी झाल्याने किरणांची मात्रा कमी लागते. आणि हालचाल थांबल्याने चित्र पुसट होत नाही. वेदना काही क्षणांची असते. मासिक पाळीनंतरच्या आठवड्यात ती कमी जाणवते. दुसरी गोष्ट झालोमोनच्या ठिपक्यांची. मिठाच्या बारीक कणांसारखे दिसणारे हे चुन्याचे कण कर्करोगाची खूण असू शकतात, हे लेबोर्ग्न यांनी अनेक रोग्यांत दाखवून दिले. पिठातले मीठ चवीने कळते, डोळ्यांनी दिसत नाही. येथे डोळ्यांनाच ते ओळखावयाचे होते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, तपासणीच्या दिवशी काखेत वा छातीवर पावडर अथवा सुगंधी लेप लावू नये, असे जे सांगतात, ते याचसाठी. त्यांतील कण चित्रात अगदी या चुन्यासारखे दिसू शकतात.

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे शार्ल ग्रो यांनी तिसरी अडचण सोडविली. तोपर्यंत हाडांसाठी बनविलेले यंत्रच स्तनासाठी वापरीत. ग्रो यांच्या प्रेरणेने १९६०–७० या दशकाच्या मध्यास केवळ स्तनासाठी घडविलेले पहिले यंत्र तयार झाले. त्यात टंग्स्टनच्या जागी मॉलिब्डेनम धातू होता. त्यातून निघणारे किरण सौम्य असतात. मेद आणि ग्रंथी यांतील बारीक फरक त्यांना कळतो. त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनी वेगळ्या वाटेने तेच साधले. उद्योगधंद्यात वापरली जाणारी सूक्ष्म कणांची फिल्म घेऊन त्यांनी चित्रणाची एक ठरीव पद्धत बसविली आणि १९६० साली १,००० तपासण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ईगन यांचे खरे श्रेय असे की, त्यांची पद्धत दुसऱ्यांना शिकता येई आणि तिचा फल दुसऱ्यांच्या हातूनही तसाच येई. कसब होते ते आता शास्त्र झाले.

४

येथवर प्रश्न एकच होता : गाठ लागली आहे, ती कसली आहे? यासाठी काढावयाच्या चित्राला निदानाचा मॅमोग्राम म्हणतात. १९६३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये प्रश्नच बदलला. जिला काहीही होत नाही, अशा स्त्रीचे चित्र काढले तर तिचा जीव वाचेल काय? यातून निघालेली तपासणी ती चाळणीची, जिला आज सर्वत्र स्क्रीनिंग म्हणतात. हे दोन प्रकार एकाच यंत्रावर, एकाच खोलीत होतात, नावही एकच. पण त्यांचे हेतू वेगळे आहेत, आणि माझ्या हातून जी चूक घडली ती या दोहोंतील भेद न जाणल्यामुळे.

न्यूयॉर्कच्या प्रयोगाचे प्रवर्तक फिलिप स्ट्रॅक्स हे डॉक्टर होते. त्यांच्या पत्नीचे स्तनाच्या कर्करोगाने अकाली निधन झाले होते. त्यांच्या जोडीला सॅम शापिरो हे संख्याशास्त्रज्ञ आणि लुई व्हेनेट हे शल्यवैद्य होते. एका आरोग्यविमा योजनेच्या सभासदांतून ४० ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रिया निवडण्यात आल्या. निम्म्यांना तपासणीचे निमंत्रण गेले, निम्म्यांना नेहमीप्रमाणे राहू दिले. ज्यांना बोलावले त्यांच्यातील बऱ्याच आल्या नाहीत. तरीही त्यांना बोलावलेल्यांतच मोजले, कारण मोजणी प्रामाणिक ठेवावयाची होती. योजनेच्या कचेरीत प्रत्येक सभासदाची नोंद होती, म्हणून वर्षानुवर्षे कोण जिवंत आहे आणि कोण कशाने गेले, हे सांगता आले. आमच्यासारख्या कारकुनांच्या नोंदवह्यांतून शास्त्राला एवढे मोठे उत्तर मिळाल्याचे उदाहरण विरळा. उत्तर असे आले की, बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

या उत्तराचा गाजावाजा झाला आणि मॅमोग्राम घरोघर पोहोचला. परंतु त्या प्रयोगातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. तेथे चित्राबरोबर डॉक्टरांच्या हाताचीही तपासणी होती. सापडलेल्या कर्करोगांपैकी सुमारे एक-तृतीयांश केवळ चित्रामुळे सापडले; आणि त्याहून अधिक केवळ हातामुळे. चित्राला जे दिसले ते हाताला लागले नाही, आणि हाताला जे लागले ते चित्राला दिसले नाही.

पुढे चित्र सुधारले. स्वीडनमध्ये १९७७ साली दोन परगण्यांत केवळ चित्राची परीक्षा घेण्यात आली. लास्लो टाबार आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली ३१ टक्के घट झाल्याचे जाहीर केले. ब्रिटनने १९८८ साली राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून ही तपासणी सुरू केली.

५

कोणत्याही सुधारणेच्या इतिहासात एक प्रकरण शंकेचे असते, आणि तेच पुष्कळदा सर्वांत उपयुक्त असते. अमेरिकेत १९७३ पासून २,८०,००० हून अधिक स्त्रियांची तपासणी करणारा एक मोठा कार्यक्रम चालू झाला. १९७६ साली जॉन बेलर यांनी प्रश्न केला : निरोगी स्त्रीला दरवर्षी किरण देऊन आपण उद्याचा कर्करोग तर पेरीत नाही ना? प्रश्न रास्त होता, कारण त्या वेळच्या मात्रा आजच्याहून बऱ्याच अधिक होत्या. या टीकेमुळे मात्रा घटविण्याच्या प्रयत्नांना जोर आला. आज दोन्ही स्तनांच्या तपासणीत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे सात आठवड्यांत निसर्गाकडून आपोआप मिळणाऱ्या किरणोत्सर्गाइतका असतो.

ही मात्रा घटविताना चित्राच्या जातीही बदलल्या. १९७१ च्या सुमारास झेरोमॅमोग्राम आला. आपल्या कचेरीतील झेरॉक्स यंत्राचा हा सख्खा भाऊ. सेलेनियमच्या विद्युत्भारित पट्टीवर किरण पडत, उरलेल्या भारावर निळी पूड चिकटे आणि ती कागदावर उमटे. निळी, रेखीव, पाहण्यास सुरेख अशी ही चित्रे सुमारे दोन दशके चालली. दुसरीकडे १९७२ च्या सुमारास फिल्मला चमकणाऱ्या पडद्याची जोड मिळाली. किरण थोडे लागू लागले आणि अखेर हीच जात टिकली. संगणकीय, म्हणजे डिजिटल, मॅमोग्रामला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली. त्याची आणि फिल्मची तुलना ४९,००० हून अधिक स्त्रियांत करण्यात आली. २००५ साली निष्कर्ष निघाला तो असा : एकंदरीत दोन्ही सारखेच, परंतु पन्नाशीच्या आतील, पाळी चालू असलेल्या आणि दाट ऊतकाच्या स्त्रियांत डिजिटल सरस.

हे 'दाट ऊतक' म्हणजेच माझी दुसरी ओळ. क्ष-किरणचित्रात मेद काळसर दिसतो, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. मेद अधिक असेल तर काळ्या पाटीवर खडूचा ठिपका उमटावा तशी गाठ ओळखू येते. ग्रंथी अधिक असतील तर कापसाच्या ढिगात कापूर शोधावा तसे होते. हा दाटपणा हाताला कळत नाही. तो चित्रातच कळतो. तो रोगही नव्हे. अहवालात त्याला 'ए' पासून 'डी' पर्यंत अक्षर देतात. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिचे ऊतक दाट आहे की नाही, हे कळविण्याचे बंधन घालण्यात आले आहे. यावरून या ओळीचे महत्त्व ध्यानात यावे. अक्षरापूर्वीचा जो अंक, त्याचा संकेत १९९३ पासून रूढ झाला. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत. एक म्हणजे दोष नाही. दोन म्हणजे दिसते ते निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. चार आणि पाच म्हणजे तुकडा काढून तपासावा. सहा म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला. शून्य पाहून हायसे वाटू देऊ नये, आणि चार पाहून धीर सोडू नये.

कापसाच्या ढिगावर अलीकडचा उपाय टोमोसिंथेसिसचा. लोक त्याला थ्री-डी मॅमोग्राम म्हणतात. २०११ साली अमेरिकेत तो मान्य झाला. नळी एका कमानीत फिरत फिरत अनेक कोनांतून सौम्य चित्रे घेते आणि संगणक त्यांतून पातळ थर वेगळे करून दाखवितो. वॉरेन यांच्या १९३० मधील दोन कोनांची कल्पना ती हीच. याशिवाय रक्तवाहिनीत द्रव्य सोडून काढावयाचा मॅमोग्रामही निघाला आहे. दाट ऊतकात वा तरुण वयात ध्वनिलहरींची सोनोग्राफी साह्याला घेतात, आणि आनुवंशिक धोका मोठा असेल तेथे एम.आर.आय. या प्रत्येकाचा जन्म आधीच्या चित्राच्या एकेका आंधळ्या कोपऱ्यातून झाला आहे, आणि आंधळा कोपरा मुळीच नाही असे चित्र अद्याप निघालेले नाही. अमेरिकेतील कर्करोग संस्थेच्या अंदाजाप्रमाणे चाळणीचा मॅमोग्राम सुमारे आठांपैकी एक कर्करोग चुकवितो.

उलट दिशेची चूकही घडते. कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या प्रयोगात पंचवीस वर्षांनंतरही मॅमोग्रामने मृत्यू घटल्याचे दिसले नाही, आणि त्यावर तज्ज्ञांचा वाद अजून शमलेला नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली स्वतंत्र समितीने हिशेब मांडला तो असा : पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे बोलावीत राहिले तर ४३ मृत्यू टळतील; पण १२९ स्त्रियांवर अशा कर्करोगासाठी उपचार होतील, जो न शोधता तर त्यांना आयुष्यभर कळलाही नसता. एका वाचलेल्या जिवामागे तीन अनावश्यक उपचार. याचा अर्थ तपासणी करू नये असा कोणी लावू नये. तोल समजून घेऊन ती करावी, इतकाच.

६

हा सारा इतिहास बर्लिन, रॉचेस्टर, मोन्टेव्हिडिओ, न्यूयॉर्क असा फिरला. आपल्याकडे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक प्रश्न हाती घेतला, जो न्यूयॉर्कला पडला नसता. लक्षावधी स्त्रियांसाठी यंत्रे, फिल्म आणि ती वाचणारे तज्ज्ञ कोठून आणावयाचे? शिवाय आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण वयात दिसतो, आणि तरुण ऊतक तर दाट असते. तेव्हा यंत्र बाजूस ठेवून केवळ शिकविलेल्या हाताची परीक्षा घेता येईल काय?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया या प्रयोगात घेण्यात आल्या. वीस वस्त्यांपैकी दहांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, घरोघरच्या स्त्रियांना बोलावून हाताने तपासीत. आणि पुढे वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयांचे मिळून मृत्यूंतील घट १५ टक्के भरली, पण संख्याशास्त्राच्या काट्यावर ती निर्विवाद ठरली नाही. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के होती आणि तेथे ती काट्यावरही टिकली. म्हणजे साठच्या दशकात न्यूयॉर्कने यंत्र आणि हात मिळून जे साधले, त्याच्या आसपास पन्नाशीपुढील स्त्रियांपुरते तरी मुंबईच्या आरोग्यसेविकांनी केवळ हाताने साधले. देश वेगळा, काळ वेगळा, उपचार वेगळे. म्हणून ही दोन माणे एकमेकांवर ठेवून मापू नयेत, हे मी जाणतो. परंतु बोटांनी सांगितलेल्या गोष्टीला कागदाइतकाच मान दिला पाहिजे, हे समजण्यास त्यांची शेजारणी पुरेशी आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी दर पाच वर्षांनी हातानेच करण्यास सांगितले आहे.

आता आईकडे परत येतो. तिला जेव्हा सुपारीएवढे काही हाताला लागले, तेव्हा चाळणीच्या तपासणीचे काम संपले होते. तिचा अहवाल खोटा नव्हता. तो सात महिन्यांपूर्वीच्या एका दिवसाचा, एका चित्रातला, दाट ऊतकाच्या मर्यादेतला खरा होता. तिला हवा होता तो निदानाचा मॅमोग्राम, त्याच्या जोडीला सोनोग्राफी, आणि गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. दोन चाळण्यांच्या मध्यंतरी उद्भवणाऱ्या अशा कर्करोगाला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, इतका तो परिचित आहे. मी मात्र तिला पुढची तारीख सांगितली.

आईवर शस्त्रक्रिया झाली. रोग काखेतील ग्रंथींपर्यंत गेला होता, म्हणून पुढे औषधांचे दीर्घ उपचार करावे लागले. चार महिन्यांपूर्वी तो तेथवर पोहोचला होता की नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना एकदाच विचारले. त्या म्हणाल्या, ''ते कोणाला सांगता येणार नाही. तुम्हीही स्वतःला ते सांगत बसू नका.'' आई आज साताऱ्याला आहे, बरी आहे, तुळशीला पाणी घालते आणि दर सहा महिन्यांनी तपासणीस जाते. तिने मला कधीही बोल लावला नाही. उलट, त्या दिवसांत एकदा म्हणाली, ''तू तरी काय करणार? मीच पुन्हा बोलायला हवं होतं.'' हे वाक्य मला अजून टोचते. बोलली होती ती. ऐकावयाचे होते ते मी.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांतून एक वाक्य मी फार वेळा ऐकले आहे : 'मे महिन्यात गावी गेल्यावर बघू.' आपल्या गावी आपली भाषा बोलणारा डॉक्टर असतो, बहीण-भावजय बरोबर येते, संकोच कमी होतो. हे सारे मला समजते. परंतु गाठ रजेच्या अर्जाची वाट पाहत नाही. नवी गाठ, स्तनाग्रातून रक्त, आत ओढली गेलेली त्वचा, यांपैकी काही आढळले तर मागचा कागद कितीही स्वच्छ असो, तो बाजूला ठेवावा आणि त्याच आठवड्यात, ज्या गावी असाल त्या गावी, डॉक्टर गाठावा. आणि अहवाल आला म्हणजे तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. न कळल्यास विचारावे.

माझ्या टेबलावर आजही मॅमोग्रामची बिले येतात. नियमाप्रमाणे मला त्यांतील रक्कम आणि सही एवढेच पाहावयाचे असते. सोबत अहवाल जोडलेला असला, तर मी आता दुसरी ओळ वाचतो. तसे करण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. पण गेल्या महिन्यात त्या ओळीवरून मी एका वृद्ध चपराशाला बाहेर बोलावून विचारले, ''घरी बाईंना काही त्रास नाही ना?'' तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, ''साहेब, एक गोष्ट विचारायचीच होती.''